खाडीचा गाळ आणि संगणकाचे गणित



अंबरनाथ पूर्वेस इ. स. १०६० मधील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे कल्याणजवळ उल्हासच्या खाडीस मिळते. प्राचीन काळी कल्याण हे नामांकित बंदर होते. सतराव्या शतकात याच खाडीकाठी शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजे बांधविली.

खाडीचा तळ मात्र कधीच स्थिर नसतो. नदी डोंगरातील माती आणते, भरती समुद्रातील गाळ आत लोटते आणि ओहोटी त्यातील काही भाग परत नेते. या देवघेवीचा दीर्घकालीन हिशेब संगणक मांडू शकतो. खाडीचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकातील खोली, प्रवाह व गाळ यांचे गणित केले जाते. भरती-ओहोटीच्या सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या एका चक्रात तळात होणारा सूक्ष्म बदल अनेक पटींनी वाढवून पुढील दशकांचा अंदाज बांधला जातो. १९१६ साली स्थापन झालेल्या, खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात अशी गणिती प्रतिरूपे तयार होतात.

खाजणे भराव घालून बुजविली, तर खाडीत शिरणारे भरतीचे पाणी घटते; ओहोटीचा जोर मंदावतो, गाळ साचतो आणि पुराचा निचरा रखडतो. २६ जुलै २००५ च्या महापुराची झळ उल्हास व वालधुनीकाठच्या वस्त्यांनी सोसली आहे.

मात्र मोजमापाविना हे गणित पांगळे ठरते. यास्तव ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी दरवर्षी पुराच्या पातळीची खूण करून तिची तारीखवार नोंद ठेवावी, भरावाचीही नोंद घ्यावी आणि शिक्षकांनी या नोंदींचे महत्त्व विद्यार्थ्यांस समजावून द्यावे. खाडीकाठच्या पुढील पिढीची सुरक्षितता या नोंदींवर अवलंबून आहे.