कॅमेऱ्यामागची बाई

हंगेरीचे छायाचित्रकार म्हटलं की केर्तेस, कापा, ब्रासाई ही पुरुषांचीच नावं पुढे येतात. मी एव्हा बेश्न्योबद्दल बोलणार आहे. १९१० साली बुडापेस्टमध्ये जन्मलेली एव्हा योझेफ पेची यांच्या स्टुडिओत शिकली, १९३० मध्ये बर्लिनला गेली. ती ज्यू होती. नाझींचा धोका ओळखून १९३२ मध्ये तिने अ‍ॅमस्टरडॅम गाठलं. पाठीवर भलंमोठं चेलो वाद्य घेऊन चाललेल्या मुलाचा तिचा १९३१ चा फोटो गाजला. मला मात्र साठीतली एव्हा जवळची वाटते. १९७० च्या दशकात ती ‘डोले मिना’ या स्त्रीसंघटनेत आली. मोर्चात कार्यकर्ती म्हणून चालली आणि मोर्चे टिपलेही.

आपल्या मोर्चांचे जुने फोटो चाळताना मला प्रश्न पडतो, हे काढले कोणी? मागे नावच नसतं. ते आठवून लिहायला आजच बसू या.