सौदामिनीचे गलबत



कामगार संघटनेच्या माणसाने सिनेमावर बोलावे, आणि तेही चाचेगिरीच्या सिनेमावर, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु पुढे कोणाला बसवले आहे आणि म्हणणे कोणाचे ऐकले जात आहे, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे.

१९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'अमर ज्योती' हा हिंदी बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यात चाच्यांची पुढारी आहे सौदामिनी नावाची बाई. ते काम दुर्गाबाई खोटे यांनी केले. चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ही बाई गलबतावर चढली कशासाठी? खजिन्यासाठी नव्हे. तिचे मूल तिच्या ताब्यात द्यायला राज्याच्या कायद्याने नकार दिला, म्हणून. न्यायमंत्री दुर्जय हाती लागताच ती त्याचा पाय तोडते. हे क्रौर्य आहे. त्याची तरफदारी मी करीत नाही. परंतु गाऱ्हाणे खरे आहे. चित्रपटानंतर वीस वर्षांनी, १९५६ साली, हिंदू पालकत्वाचा कायदा झाला. त्यातही अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई, असेच लिहिले गेले. त्या 'नंतर'चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर एवढाच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, त्याला १९९९ साल उजाडले! सौदामिनीच्या जागी पुरुष उभा करून पाहा, कथाच कोसळते.

शेजारी दुसरे चित्र ठेवतो. १९९५ साली अमेरिकेत 'कटथ्रोट आयलंड' निघाला. कप्तान जीना डेव्हिस. बापाच्या डोक्याच्या कातडीवर खजिन्याच्या नकाशाचा तुकडा, आणि वैरी सख्खा चुलता. तलवार, तोफा, उड्या, कशातही बाई कमी पडत नाही. पण तिच्या जागी मुलगा घाला, कथेचे सुकाणू तसूभरही फिरणार नाही. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर, अमेरिकेतले उत्पन्न जेमतेम एक कोटी. कंपनी तर चित्र झळकण्यापूर्वीच दिवाळखोरीत गेली होती. तरी अशा वेळी बाजारात बोलले जाते ते एवढेच, की बाई कप्तान लोकांना चालत नाही. पुरुष नायकाचे चित्र आपटले, म्हणून पुरुष चालत नाहीत असे कोणी म्हटलेले मी तरी ऐकले नाही.

'अमर ज्योती'त आणखी एक गोष्ट आहे. सौदामिनी एकटी नाही. शांता आपटे यांची राजकन्या नंदिनी आहे. तिला प्रेम हवे आहे. बायकांचे बायकांशी पटत नाही, हेही तिथे दिसते. सगळ्या बायकांचे मत एकच असते, असे धरून चालणारे आमच्यातही पुष्कळ आहेत. मात्र गलबतावर राबणाऱ्या साध्या माणसांची फारशी विचारपूस हा चित्रपटही करीत नाही.

दुसऱ्याला दोष देणे सोपे. आमच्या संघटनेत आम्ही एका बाईंना उपाध्यक्ष केले. फलकावर नाव, व्यासपीठावर खुर्ची, गळ्यात हार. कार्यकारिणीची बैठक मात्र रात्री नऊला. त्या वेळी घरी भाकऱ्या, मुलांची निजानीज. इतिवृत्ताची वही आम्ही त्यांच्या घरी पाठवायचो, त्या सही करायच्या. वर्षभराने एकदा वही परत आली, सही नव्हती. बाई म्हणाल्या, "दादा, सहीचा शिक्काच करून घ्या ना, तुमचा हेलपाटा वाचेल."

मी त्या रात्री जेवलो नाही. बैठक रविवारी दुपारी चारला घ्यायची ठरली, तेव्हा दोन जुने सभासद रागावून यायचे बंद झाले. पहिल्याच बैठकीला बाईंबरोबर सात जणी आल्या. आमच्या विषयपत्रिकेत बोनस पहिला होता. त्यांनी तो खाली ढकलला आणि विचारले, नव्वद बायकांच्या खात्यात संडास दोनच का, आणि त्यांतल्या एकाला कडी का नाही?

मी त्या खात्यात वीस वर्षे जात होतो. कडी नाही, हे मला ठाऊक नव्हते.