‘पुढे काय?’
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. तिळगूळ वाटायला सांगा, दोन तास वाटीन. पण चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना.

२०२० साली माझी भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माझ्याकडे राहत होती. कोरोनाचे दिवस. परीक्षा होणार, नाही होणार, असे चालले होते. अखेर २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षेवाचून पदवी नाही. तोवर पोरीची झोप उडाली होती. रात्री गच्चीवर येरझारा. मी आपली दिवसातून दहादा म्हणे, “काळजी करू नकोस गं!” एके रात्री ती म्हणाली, “मावशी, तू असं म्हणालीस की काळजी लपवायचं आणखी एक काम मला लागतं.”

मी गप्पच झाले.

पुढे वाचनात आले की १९८७ साली डॅनिएल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल काही मनातून जाईना! उलट, मोकळीक मिळताच आधी दडपणाऱ्यांना ते अधिकच आठवले. स्टीव्हन हेज आदी मंडळी ‘मानसिक लवचिकता’ म्हणतात ती याच्या उलट वाट. भीतीला हाकलायचे नाही. ती असतानाच आपल्याला मोलाचे वाटणारे काम करायचे. दारात कुत्रे भुंकते म्हणून आपण पोळ्या लाटायच्या थांबतो का?

भाचीला वनस्पतींचे वेड. मी तांदूळ निवडीत बसे आणि ती मला नेच्यांची माहिती वाचून दाखवी. मला त्यातले निम्मे कळत नसे. भीती गेली नाही. ऑक्टोबरात घरूनच पेपर दिला, तेव्हाही तिचे हात थरथरत होते. गुण बेताचेच पडले.

मात्र हे सर्वांना पुरेल असे समजू नका. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे सुटले, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा तोंडी आली, तर तडक डॉक्टर गाठावा. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ सेवाही आहे; १४४१६ वर मराठीतून, विनामूल्य बोलता येते. हा आकडा फोनजवळ लिहून ठेवा.

भाची आता दूरगावी संशोधन करते. परवा फोनवर “पुढे काय?” अगदी ओठांवर आले होते. जीभ चावली आणि विचारले, “आज कुठला नेचा सापडला?” अर्धा तास बोलत होती. माझी आमटी करपली.