गायरान पडीक नव्हे



गायरानास पडीक म्हणण्याची चाल दप्तरांत आहे, आणि आतां ती आमच्याही तोंडीं बसली आहे. ज्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल उगवतें तो माळ रिकामा कसा? त्याची कमाई जमिनीखालीं असते, म्हणून दिसत नाहीं, इतकेंच.

लोहाराच्या भट्टींतला कोळसा सर्वांनीं पाहिला आहे. त्यांतील मुख्य द्रव्य तो कर्ब. तोच हवेंत वायुरूपानें असतो. दगडी कोळसा, पेट्रोल जाळल्यानें तो वायु वाढतो व पृथ्वी तापते. गवताचें पातें उन्हाच्या बळावर हा वायु ओढून त्याची साखर करतें. तिचा मोठा वांटा मुळांकडे जातो. मुळें केसासारखीं बारीक व दाट. कांहीं दरसाल मरतात, नवीं फुटतात. जिवंत मुळेंही रस पाझरतात. त्यावर मातींतले सूक्ष्म जंतु पोसतात, आणि मेल्यावर त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांस चिकटून बसतात. असा कर्ब शेंकडों वर्षें टिकूं शकतो. झाडाची पुष्कळशी ठेव खोडाफांद्यांत. वणवा लागला कीं ती गेली. गवताची बहुतेक ठेव मातींत, म्हणून पातें जळालें तरी ती राहते.

ती जाते नांगरानें. अमेरिकेच्या मधल्या मैदानांत कुरणें मोडून गहू पेरला. माती उघडी पडून हवा लागतांच जंतूंनीं जुनी ठेव खाल्ली. १९३० नंतरच्या अवर्षणांत ती माती धुळीचे ढग होऊन उडाली.

आमच्याकडे वृक्षारोपणाच्या नांवाखालीं चांगल्या गवताचे माळ खणून चर काढतात, वर धनगराच्या मेंढरांस बंदी! मेंढी गवताची वैरीण नव्हे. गवताचा कोंब बुंध्याशीं असतो, म्हणून वरचें खाल्लें तरी तें फुटतें. मात्र अर्ध्याहून फार अधिक पाला गेला कीं मुळांची वाढ थांबते, हें क्रायडर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५५ सालीं दाखविलें. दोष चरण्याचा नाहीं, विसांव्याविना चरण्याचा आहे. कळप घेऊन पुढें पुढें सरकणाऱ्या धनगरास हें कोणी शिकवावें लागलें नाहीं.

हलक्या माळाची ठेव सावकाश भरते, आणि एका मर्यादेनंतर भरतही नाहीं. गिरण्यांचा सगळा धूर गवत गिळील असें कोणी सांगेल, तर तें खोटें.

ग्रामसभेंत गायरानाचा विषय निघेल तेव्हां उठून विचारा, गवत मोडल्यावर गुरें कोठें चरणार? माळाचे भाग पाडून ते पाळीपाळीनें बंद ठेवावे, व कापणी बीं झडल्यावर करावी.