कळ थांबली म्हणजे दात बरा झाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवतो आहे. एका रात्री साडेदहाच्या सुमारास दार वाजलं. पन्नाशीचे एक शेतकरी आणि सोबत त्यांचा मुलगा. हनुवटीखालचा सगळा भाग सुजून दगडासारखा घट्ट झालेला, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. तशाही अवस्थेत ते मला म्हणाले, “डाक्टरसाहेब, दाढ तर दिवाळीतच बरी झाली व्हती. मग आता हे कशानं सुजलं?”

दिवाळीत त्यांची खालची दाढ ठणकली होती. लवंगेचं तेल लावलं, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. आठ-दहा दिवसांत कळ थांबली आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. शिमग्याला ही सूज आली. त्याच रात्री त्यांना जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं पू काढला, दाढ काढली, सलाईनमधून औषधं दिली आणि ते वाचले. दाढेच्या मुळातला संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला, तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव पडलं. दातानं माणूस दगावू शकतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. दाताचं बाहेरचं आवरण, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण त्याला संवेदना नसते. त्याच्या आत डेंटिनचा थर आणि अगदी गाभ्यात रक्तवाहिन्या व नस. कीड इनॅमलमध्ये असते तोवर काहीच जाणवत नाही. डेंटिनपर्यंत गेली की थंड, गोड लागल्यावर दात शिवशिवतो. नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडते. मग एके दिवशी कळ एकदम थांबते. दात बरा झाला म्हणून नव्हे, तर नस मेली म्हणून! दुखायला आत काही उरलेलंच नसतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात शिरून आपलं काम चालू ठेवतात.

कीड म्हटलं की अजूनही काहींच्या डोळ्यांसमोर अळी येते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे लोक आपल्याकडे होते. फ्रान्समधले दंतवैद्य पिअर फोशार यांनी १७२८ सालीच आपल्या ग्रंथात, दातात असा किडा आपल्याला कधी आढळला नाही, असं नमूद केलं. खरं कारण साधं आहे. आपण खाल्लेल्या साखरेपासून तोंडातले जंतू आम्ल बनवतात आणि ते आम्ल इनॅमल विरघळवतं. लाळ हे नुकसान थोडंफार भरून काढते, पण त्यासाठी तिला निदान अर्धा तास तरी लागतो. म्हणून साखर किती खाल्ली, यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एक लाडू खाऊन संपवलेला बरा. दिवसभरात सहा वेळा गोड चहा आणि बिस्किटं खाणाऱ्याच्या दातांना उसंतच मिळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळतच नाही. पुढे ती किडते आणि आई म्हणते, “दुधाचीच आहे ना, पडेल की!” ती पडणारी नसते. ती जन्मभरासाठी आलेली असते. तेव्हा मूल सहा वर्षांचं झालं की त्याला उजेडात बसवून, तोंड उघडायला लावून मागे एकदा नीट बघा. आणि दुधाचा दात किडला तरी दुर्लक्ष नको. तो वेळेआधी काढावा लागला, तर मागचे दात पुढे सरकतात आणि नव्या दाताची जागा अडते.

दात किडतो तेव्हा निदान शेवटी शेवटी तरी दुखतो. हिरड्या तेवढंही करत नाहीत. ब्रशला रक्त लागलं की पुष्कळजण तिथं घासायचंच सोडतात. करायला हवं नेमकं उलट. दातांवर साचलेल्या चिकट थरामुळे हिरडी सुजते, म्हणून रक्त येतं. थर तसाच राहिला की त्याचा दगडासारखा टणक किटण होतो, हिरडी दातापासून सुटते, खालचं हाड झिजतं आणि एक न किडलेला, कधी न दुखलेला दात हलायला लागतो. किटण काढल्यानं दात सैल होतात, हा गैरसमज आहे. दात आधीच सैल झालेले असतात, किटणानं ते धरून ठेवल्यासारखे वाटतात, इतकंच. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

माझ्याकडे येणाऱ्या आजीबाई सांगतात, “मिश्री लावली की दात दुखत नाहीत.” मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. ती लावल्यावर थोडा वेळ बधिर वाटत असेल, पण आतला रोग जागचा हलत नाही. वर तंबाखूचं व्यसन लागतं. दिवसातून एकदा लावायची मिश्री चार वेळा कधी होते, ते कळत नाही. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ साली बंदी आली. पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? तिथं नातवंडांनीच आजीशी बोलायला हवं. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. लवकर सापडलेला हा कर्करोग बरा होऊ शकतो.

मग रोज करायचं काय? सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रशनं दात घासायचे. दोन्हींतलं रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. फ्लोराइड असलेली पेस्ट मोठ्यांना थोडीशी पुरते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, त्याहून लहानग्याला तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून हलक्या हातानं फिरवायचा. भांडी घासल्यासारखा जोर लावला तर दातांच्या मुळाशी खाचा पडतात. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी इनॅमल झिजतं, ती सोडावीत. ब्रशचे केस फाकले, किंवा तीन-चार महिने झाले, की नवा घ्यावा. दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरू नये, हिरडी भाजते. अपघातात कायमचा दात मुळासकट निखळून पडला, तर तो मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभरात डॉक्टरांकडे पोचा. तो पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते.

राहता राहिला खर्च. ‘डॉक्टरकडे गेलं की खिसा रिकामा’, ही तक्रार मी रोज ऐकतो आणि ती अगदीच खोटी नाही. पण हिशेब करून पाहा. लहान कीड एका बैठकीत, थोड्या पैशांत भरता येते. तीच नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल, त्यावर टोपी आणि बऱ्याचदा अनेक खेपा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथं कमी खर्चात उपचार होतात. सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, काही दुखत नसताना दात दाखवून या.

ते शेतकरी पुढे महिन्याभरानं भेटायला आले, ते आपल्या धाकट्या मुलीला घेऊन. मी विचारलं, “हिचं काय दुखतंय?” ते म्हणाले, “काय न्हाई दुखत. म्हणूनच आणली.”

श्रोतेहो, आपणही तसंच करावं, एवढीच विनंती.