मुंग्या आल्या तर सांगा : गिरणीच्या पेटीतली वायर

मैत्रिणींनो, कोणी स्वयंपाक उरकत ऐकत असाल, कोणी उडदाचे पापड लाटत. हातातलं काम चालू राहू द्या. आज आम्ही आमच्या गटाच्या गिरणीची गोष्ट सांगणार आहोत. तिच्या पेटीत बिघाड कसा झाला, आम्ही तो कसा शोधला आणि त्यात आमची स्वतःची चूक काय होती, हे सगळं सांगू.

आम्ही अमळनेर-धुळे रस्त्यालगतच्या एका गावच्या बाया. गटात बारा जणी. बँकेचं कर्ज काढून गिरणी घेतली. दोन हॉर्सपॉवरची, सिंगल फेजची, पत्र्याच्या पेटीतली. कळण्याची ज्वारी-उडीद दळायचे, गहू दळायचे, आणि उन्हाळ्यात बिबड्यांची ज्वारी. आपल्याकडे होळीपासून आखाजीपर्यंत गिरणीला श्वास घ्यायला वेळ नसतो. पापड, शेवया, बिबडे सगळं त्याच दिवसांत. आणि आखाजीला लेकी माहेरी येतात, मांडे होतात, म्हणून पीठही बारीक लागतं. वर्षाचा अर्धा हप्ता आम्ही या दोन महिन्यांत काढतो.

आखाजीला चार दिवस राहिले होते. एक शेजारीण दळण घ्यायला आली. बरोबर पाच वर्षांचा नातू. अंगणातल्या नळावर खेळून आलेला, पाय ओले, अनवाणी. त्याने पेटीला हात लावला आणि किंचाळून मागे पडला. गिरणीवर बसलेल्या मावशींनी त्याच क्षणी भिंतीवरचं बटण बंद केलं. पोराला काही झालं नाही. थोडा वेळ रडला, मग पाणी प्यायला. पण आमच्या बाराही जणींच्या पोटात गोळा आला.

संध्याकाळी बैठक घेतली. तेव्हा मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "महिना झाला, गिरणी झटका देस. हाताले मुंग्या येतंस." आम्ही विचारलं, "मग सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, गिरणी बंद पडली असती, हप्ता थकला असता, आणि सगळ्या म्हणाल्या असत्या, मावशींनी यंत्र बिघडवलं. म्हणून त्यांनी पायाखाली गोणपाट घातलं, रबरी चप्पल घातली. मुंग्या थांबल्या. त्यांना वाटलं, बिघाडही थांबला.

मग दुसरी म्हणाली, "मलाही एकदा आल्या होत्या." तिसरीही म्हणाली. म्हणजे तिघींना माहीत होतं आणि बैठकीत एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. बचतीचा हिशेब आम्ही रुपयापर्यंत विचारतो, पण यंत्राची चौकशी कधीच केली नव्हती. ही चूक एकट्या मावशींची नाही, आम्हा सगळ्यांची.

गोणपाटाने काय होतं ते नीट समजून घ्या. पेटीच्या पत्र्यात वीज उतरली की ती जमिनीकडे जायची वाट शोधते. आपण हात लावला की ती वाट आपल्या अंगातून जाते. कोरडं गोणपाट आणि चप्पल त्या वाटेत आडवे येतात, म्हणून आपल्याला जाणवत नाही. पण पत्र्यातली वीज तिथेच असते. ओल्या पायाचं पोर आलं की तिला वाट सापडते.

वायरमनदादांना फोन केला. लग्नसराई, मांडवांची कामं, ते म्हणाले आखाजीनंतर येतो. गिरणी बंद ठेवली. पण दुसऱ्या दिवशी आमच्या एका ताईची लेक माहेरी आली. तिने आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स केला आहे आणि कारखान्यात नोकरी करते. ती म्हणाली, "मावशी, पेटी उघडून बघू. पण मी सांगेन तसंच." काही जणी घाबरल्या. विजेच्या पेटीला बाईने हात लावू नये, असंच आपण लहानपणापासून ऐकतो. ती म्हणाली, "भीती ठेवा, चांगलीच आहे. पण चालू पेटीची ठेवा. बंद पेटीला बघायला काय हरकत?"

तिने काय केलं, ते ओळीने सांगतो.

पहिलं, भिंतीवरचं बटण बंद केलं, बोर्डावरचा एमसीबी खाली पाडला आणि गिरणीचा प्लग काढला. तो प्लग मावशींच्या हातात दिला. "काम होईस्तोवर हा तुमच्या पदरात." मावशी तो धरूनच बसल्या. कारण नुसतं बटण बंद केलं तर कोणीतरी येऊन चालू करू शकतं. प्लग आपल्या हातात असला की कोणी करू शकत नाही.

दुसरं, टेस्टर. आधी शेजारच्या चालू सॉकेटवर लावून पाहिला, दिवा लागतो ना म्हणून. मग गिरणीच्या वायरींवर लावला. मग पुन्हा चालू सॉकेटवर. टेस्टरच बिघडलेला असला तर तो खोटं सांगतो, म्हणून तीन वेळा.

तिसरं, मोटारीजवळची गोल डबी, म्हणजे कपॅसिटर. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहू शकते. तिने सांगितलं, हिला तुम्ही कोणी हात लावायचा नाही. ती वीज उतरवणं शिकलेल्याचं काम. तिने ते स्वतः केलं.

चौथं, मागचा पत्रा. सहा स्क्रू. ते स्टीलच्या ताटलीत ठेवले, म्हणजे मोजून परत लावता येतात. आत पाहिलं तर सगळीकडे पिठाचा थर. पीठ ओल धरतं आणि ओल विजेला वाट देते. कोरड्या ब्रशने साफ केलं. पाण्याचं फडकं अजिबात नाही.

पाचवं, आणि हे सगळ्यांत उपयोगाचं. कुठलीही वायर सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढले, एकदा जवळून, एकदा लांबून. आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून आकडा लिहिला. कुठली वायर कुठे होती, हे दहा मिनिटांनी आठवत नाही.

आता अडचण अशी की बटणाची डबी मोटारीच्या मागे, कोपऱ्यात. हात जातो, पण डोळा जात नाही. तेव्हा एका ताईने पर्समधला छोटा आरसा काढला. मोबाईलची बॅटरी लावून आरसा आत धरला, आणि बिघाड दिसला. पेटीच्या पत्र्याला एक भोक आहे, त्यातून वायर आत जाते. त्या भोकाच्या कडेला रबरी बूच असतं. ते उन्हाने, तेलाने कडक होऊन गळून पडलं होतं. गिरणी थरथरते, वायर पत्र्याच्या धारेवर घासते. घासून घासून वरचं प्लास्टिक फाटलं, आतलं तांबं पत्र्याला लागत होतं.

मग तिने प्लग उघडला. तीन पिनांमधली जाड पिन अर्थिंगची. तिची हिरवी वायर स्क्रूमधून निसटून नुसती लोंबत होती. म्हणजे दोन दोष एकत्र आले. अर्थिंग धड असतं तर पत्र्याला वायर लागताच जास्त वीज तिकडे पळाली असती, एमसीबी पडला असता आणि आपल्याला कळलं असतं. अर्थिंग तुटलेलं, म्हणून गिरणी चालत राहिली आणि पत्र्यात वीज बसून राहिली.

फाटलेल्या जागी टेप गुंडाळू, असं आम्ही म्हणालो. ती नाही म्हणाली. थरथरणाऱ्या यंत्रात टेप सुटते, आणि वायरीला मध्येच जोड दिला तर तो जोड तापतो. पूर्ण वायर बदलायची. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार साधारण दहा अँपिअर वीज ओढते, म्हणून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सोळा अँपिअरचा प्लग लागतो. धुळ्याहून वायर, रबरी बूच आणि टोकाला लावायचे लग मागवले.

पण ती वायर त्या अरुंद जागेतून ओवायची कशी? तिने जुन्या वायरीच्या टोकाला नवी वायर बांधली, वरून टेप घट्ट गुंडाळली, आणि दुसरीकडून जुनी हळूहळू ओढली. परकराला नाडी ओवतो तशी नवी वायर आपोआप आली. आम्ही सगळ्या हसलो. हे तर आपल्याला येतंच की! भोकात नवं बूच बसवलं, टोकांना लग दाबून स्क्रू आवळले, वायर कुठे लोंबू नये म्हणून पट्ट्यांनी बांधली. अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग खरवडला, कारण रंगावर अर्थिंग धरत नाही. फोटो पाहून आकडे जुळवले. पत्रा लावला, सहाही स्क्रू ताटलीतून परत गेले. मग मावशींनी पदरातला प्लग दिला. चालू करून पेटीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. आखाजीचे मांडे झाले.

सणानंतर वायरमनदादा आले. त्यांनी अर्थिंगचा खड्डा तपासला. आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात जमीन सुकून भेगाळते, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा जोर कमी होतो. म्हणून त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा, असं त्यांनी सांगितलं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून दिली. वीज चुकीच्या वाटेने गळाली की ती क्षणात प्रवाह तोडते. तिच्यावर चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पण तिच्या भरवशावर अर्थिंग सोडायचं नाही. दोन्ही हवीत.

आता मैत्रिणींनो, हे ऐकून कोणी लगेच पेचकस घेऊन बसू नका. आम्ही गटात वाटणी करून घेतली आहे. प्लग काढणं, पिठाची सफाई, बूच आहे का बघणं, वायर काळी पडली का, उंदराने कुरतडली का, जळका वास येतो का, हे आम्ही बघतो. वायर बदलणं, कपॅसिटर, मोटार, बोर्ड, अर्थिंग हे शिकलेल्या माणसाचं. आणि मीटरच्या अलीकडे खांबापर्यंत जे आहे ते महावितरणचं. तिथे कोणीच हात लावायचा नाही, १९१२ ला फोन करायचा.

एखादीला शॉक लागून ती चिकटली, तर तिला हाताने ओढू नका, तुम्हीही चिकटाल. आधी वीज बंद करा. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने तिला बाजूला करा. मग १०८.

आणि एक ठराव आम्ही केला. बचत, बैठक, कर्जवाटप, परतफेड, नोंदी ही पंचसूत्री आपण पाळतोच. आता प्रत्येक बैठकीत हिशेबाच्या आधी एक प्रश्न विचारला जातो : "यंत्राजवळ कोणाला मुंग्या आल्या का?" आली म्हणणाऱ्या बाईला कोणी बोल लावत नाही. गिरणी दोन दिवस बंद राहिली तर त्या दिवसांचं नुकसान बाराही जणी मिळून सोसतो. हे वहीत लिहून ठेवलं आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत. पहिली सही मावशींची.

तुमच्या गटातही गिरणी असेल, मसाल्याचा डंका असेल, कडबाकुट्टी असेल, विहिरीवरचा स्टार्टर असेल. येत्या बैठकीत हा प्रश्न विचारून बघा. कोणीतरी मान खाली घालून बसलेली असेल. तिला आधी बोलू द्या.