पेपरमिंट ओव्हनबाहेरच बरं

घरी चॉकलेट-मिंट कुकीज करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. ओव्हन चालू असताना घरभर पेपरमिंटचा घमघमाट सुटतो आणि कुकी तोंडात टाकली, की चव लागते ती नुसत्या कोकोची. पुढच्या खेपेला इसेन्स दुप्पट पडतो आणि मुलं टूथपेस्टची आठवण काढतात. इथे माप बदलून फारसं साधत नाही, घालण्याची वेळ बदलावी लागते, असं माझं म्हणणं आहे. पेपरमिंट पिठात घालूच नये. कुकी भाजून गार झाली, की वरून लावायच्या चॉकलेटमध्ये ते घालावं.

घरभर सुटलेला तो वास म्हणजे कुकीतून निघून गेलेलं पेपरमिंटच असतं. त्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य मेंथॉल, आणि ते चटकन उडून जाणारं. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे शेतकरी मेंथा नावाच्या पुदिन्याचं पीक घेतात. कापलेल्या पाल्यातून वाफ सोडली, की वाफेबरोबर तेल वर येतं. ती वाफ थंड करून तेल वेगळं काढतात. १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पातळ कुकीतलं पाणी वाफ होऊन निघतं तेव्हा आपणही जवळपास हेच करत असतो. फरक इतकाच, की शेतकरी तेल गोळा करतो आणि आपण ते खिडकीतून जाऊ देतो. यावर कोणी म्हणेल, पिठात घालूनही थोडी चव उरतेच की! उरते, कारण लोणी काही तेल धरून ठेवतं. पण मिंटकडून आपल्याला गारवाही हवा असतो. मेंथॉल जीभ खरोखर थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्यांच्यातला टीआरपीएम-८ हा ग्राहक (रिसेप्टर) डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूशियन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधला; तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील कामासाठी दोघांना २०२१चं नोबेल मिळालं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेत, वितळतं आणि त्यात मुरलेलं मेंथॉल एकदम मोकळं होतं. इंग्लंडातल्या राउनट्री कंपनीने १९६२मध्ये आणलेल्या ‘आफ्टर एट’मध्येही मिंट असतं ते चॉकलेटच्या आतल्या मऊ साखरेत, भाजलेल्या कशात नाही.

इसेन्स कशाला, ताजा पुदिना का नको, हा आक्षेप ऐकायला रास्त वाटतो. पण भाजीबाजारात जुडीने मिळणारा पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट जातीचा असतो. त्याचा वास कार्व्होनचा, मेंथॉल त्यात जेमतेम. चटणीला तो उत्तम. चॉकलेटशेजारी मात्र चटणीचीच आठवण करून देतो. शिवाय पेपरमिंटचं तेलही वनस्पतीतूनच आलेलं असतं, त्यामुळे नैसर्गिकतेचा मुद्दा फारसा टिकत नाही. पाहायचं ते एवढंच, की तेल खाण्याच्या दर्जाचं आहे ना. पाव किलो वितळलेल्या चॉकलेटला सुरुवातीला दोन थेंब, मग चाखून पुढचा. पाण्यात केलेला इसेन्स मात्र इथे नको. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब गेले तरी ते आकसून दाणेदार होतं आणि मग कुकीवर नीट बसत नाही.

खरा अवघड आक्षेप आपल्या हवेचा आहे. मे महिन्यात मुंबईत किंवा पणजीत असं चॉकलेट ओट्यावर ठेवून घट्ट होणार नाही. वनस्पती तूप घातलेलं कंपाउंड चॉकलेट वापरलं तर ते उकाड्यात तग धरतं, पण जिभेवर मेणासारखं रेंगाळतं आणि सगळा खटाटोप ज्या गारव्यासाठी केला तोच मंदावतो. त्यापेक्षा खरं चॉकलेट घ्यावं, कुकीज फ्रीजमध्ये घट्ट करून घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. त्या डब्यात नानकटाई मात्र ठेवू नये. सकाळपर्यंत तिलाही पेपरमिंटचा वास लागलेला असतो.